खिशात हात घालून

१२ मार्च

भिंगरी,

तुझ्या आईने मला शपथ घातली आहे की पोरीला फोन करायचा नाही. पत्राचं नाव तिने काढलं नाही. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला नियमातली फट दिसणार नाही असं तिला वाटलं असेल, तर ती तिची चूक.

आधी एक सांगतो, मग बाकीचं. आई ठीक आहे. बोलते, जेवते, मला बोल लावते. आता बाकीचं. गेल्या महिन्यात ती मशीनवर बसली होती, शाळेच्या गणवेशाची बाही जोडत होती. मी पेपर वाचत होतो. 'हे कापड असं का सरकतंय?' असं ती सारखी पुटपुटत होती. मी म्हटलं, नवीन कापड असेल. शेवटी उठून बघितलं तर कापड जागच्या जागी होतं, सरकत होता तो तिचा हात.

मेंदूत गुठळी झाली होती. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय तिचं ऐकत नाहीत. जीभ शाबूत आहे, त्याची काळजी नसावी. बोलायला लागल्यावर तिचं पहिलं वाक्य काय असावं? 'बाही उलटी लागली असेल, त्या बाईंना निरोप द्या.'

वाचता वाचता उठून बॅग भरायला लागली असशील तर खाली बस. आई म्हणाली आहे, 'आजारी बाईला बघायला म्हणून कुणी येणार असेल तर मी दार उघडायची नाही.' कुणी म्हणजे कोण ते मला कळतं, तुलाही कळेल. दार उघडणं तिला सध्या जमत नाही, हा भाग वेगळा.

घरची चिंता करू नकोस. मी तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. घास भरवतो, बटणं लावतो, सकाळी हाताला धरून ओढून उभी करतो, खुर्चीत बसवतो. हसू नकोस, मला आता कुकरच्या शिट्ट्याही कळतात. फक्त केसांपुढे मी हात टेकले. मी तिची जी काही शेपटी बांधतो ती नको बघायला म्हणून ती आरशाकडे पाठ करून बसते. तुझ्या वेण्या ती कशी घालायची देव जाणे. तू तर मान क्षणभर एका जागी ठेवायची नाहीस. भिंगरी नाव त्यातूनच तर पडलं तुला.

तुझं उत्तर डेपोच्या पत्त्यावर पाठव. तिथला टाइमकीपर आपला माणूस आहे.

तुझे बाबा


४ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र टाइमकीपरने चहाच्या बशीखालून सरकवलं. इकडेतिकडे बघत. जसं काही आम्ही दोघं मिळून बँक लुटणार आहोत.

तू लिहितेस, 'आईने बोलावलं तर पुढच्या गाडीने येईन. न बोलावता येणार नाही.' वा! अगदी आईवर गेली आहेस. मला तो दारातला दिवस लख्ख आठवतो. कारखान्यात मोठ्या यंत्रांवर नोकरी लागली, यंत्राजवळ लांब केस नकोत असा नियम, म्हणून तू कमरेपर्यंतचे केस कापून आलीस आणि आम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून उंबऱ्यात टोपी काढलीस. आई एवढंच म्हणाली, 'केस वाढले की मग ये घरी.' आणि तू म्हणालीस, 'मग वाढणारच नाहीत.' त्यानंतर दोघींनी आपापला शब्द पाळला. मी मध्ये उभा. मला कुणी काही विचारलं नव्हतं. अजूनही विचारत नाही.

तू विचारतेस, ती कोणत्या डॉक्टरांकडे आहे. तेच तर रडगाणं आहे, बाई.

मेंदूचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, 'उत्तम!' मी म्हटलं, 'साहेब, पण हात?' 'हाताला वेळ लागेल. व्यायाम करा.' कोणता, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला. मग तिचा उजवा खांदा इतका दुखायला लागला की कुशीवर वळता येईना. हाडांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी फोटो बघितला. 'हाड उत्तम!' सगळं उत्तम आहे आणि बाई उठू शकत नाही. मग कुणी मालिशवाला सुचवला. त्याने अशी काही पिळवटली की तिने त्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. शेजारच्या आजोबांनी त्यांचं दिवे लागणारं यंत्र आणून दिलं. त्याचे दिवे छान लागतात.

प्रत्येकाकडे तुझ्या आईचा एकेक तुकडा होता. अख्खी बाई कुणाकडेच नव्हती. मी रोज नवीन नाव ऐकायचो, पत्ता शोधत जायचो आणि हात हलवत परत यायचो. घरी आलो की ती म्हणायची, 'काय, उत्तम?'

तर ऐक. माझ्या गाडीतले कुबडीवाले मास्तर आठवतात? सुट्टीत माझ्याबरोबर फेरीला यायचीस तेव्हा त्यांची एक कुबडी सांभाळत बसायचीस, तेच. परवा डेपोसमोर रस्ता ओलांडताना भेटले. कुबड्या नाहीत! मी ओळखलं नाही, त्यांनीच खांद्यावर थाप मारली. पँट वर करून नवा पाय दाखवला, भर रस्त्यात. मी आईचं सांगितलं तर म्हणाले, "अहो कंडक्टर, तुम्ही चुकीच्या खिडक्यांवर उभे राहताय. सरकारी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत एक डॉक्टरबाई आहेत. हाडांच्या नाहीत, मेंदूच्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे? बसची पायरी केवढी उंच असते."

त्या खात्याचं नाव त्यांनी मला कागदावर लिहून दिलं. फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन. चौकशीच्या खिडकीवर ते वाचून दाखवलं तर तिथला गृहस्थ म्हणाला, "फिजिओथेरपी. तिसरा मजला." तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, "आधी त्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, ते खाली बसतात." खाली येऊन मी मराठीतून विचारलं, पुनर्वसन विभाग कुठे आहे हो? तो म्हणतो, "का, धरणात घर गेलं तुमचं? मग इथे काय करताय?" मी असा तापलो होतो की त्याला पुढच्या स्टॉपवर उतरवला असता.

शेवटी धोबीखान्याच्या मागे एक लांब खोली सापडली. आत एक जिना आहे, चार पायऱ्या वर, चार खाली. कुठेच जात नाही. एक ओटा आहे, त्याच्यावर स्वयंपाक होत नाही. एका दाराला नुसत्या कड्याच कड्या. मला वाटलं, मी वेड्यांच्या घरात आलो. मग एक माणूस तो जिना उतरला आणि खाली येऊन रडायला लागला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१९ तारखेचा नंबर मिळाला आहे. आईला घेऊन जातो.

बाबा


१९ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावरून लिहितो आहे. मला बाहेर काढलं आहे. होय, मला.

डॉक्टरबाई तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. चष्मा केसांत अडकवतात आणि मग टेबलावर शोधतात. त्यांनी आईचे फोटो बाजूला ठेवले आणि विचारायला सुरुवात केली. न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर? नळ कोणत्या हाताला? पलंग केवढा उंच? मशीन पायाचं की हाताचं? आई उत्तरं देत होती आणि बोलता बोलता ताठ बसत होती. इतके दिवस सगळ्यांनी तिला दुखतं कुठे ते विचारलं होतं. राहते कुठे, कशी, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग म्हणाल्या, "काकू, जरा उभ्या राहता?" मी ताबडतोब पुढे झालो आणि रोजच्यासारखा तिचा उजवा हात धरून ओढला.

"काका, थांबा!"

अशी हाक आली की मी ब्रेक लागल्यासारखा जागीच उभा. त्यांनी मला शांतपणे समजावलं. ज्या हातात जीव कमी आहे त्याला धरून ओढलं की खांद्याचा सांधा निसटायला बघतो. दुखतो तो त्यामुळेच. हाडांच्या डॉक्टरांना ते फोटोत दिसणार कसं, ते तर रोज सकाळी आमच्या घरात घडत होतं. माझा चेहरा पडला. आई बघत होती. ती म्हणाली, "त्यांना नका बोलू. त्यांनी फार केलं माझं."

"तेच सांगतेय काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते फार करतात. तुमच्या हाताला काम उरलंच नाही. काका, आजपासून तुमचा एकच व्यायाम. खिशात हात."

मी म्हटलं, "मला खिसे नाहीत."

खरंच नाहीत ना! नोकरीत असताना मी सुट्टी नाणी पँटच्या खिशात भरायचो, खिसे फाटायचे, आणि एक दिवस वैतागून तुझ्या आईने माझ्या सगळ्या पँटींचे खिसे शिवून टाकले. नाणी पिशवीत ठेवा म्हणाली. रिटायर झालो तरी खिसे शिवलेलेच. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं आणि तुझी आई हसली. तोंड एका बाजूला जरा ओढलेलं आहे, पण हसली गं. आजारपणानंतर पहिल्यांदा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग काकू, हे पहिलं काम तुमचं. खिसे उसवून द्यायचे यांचे."

त्यानंतर त्यांनी विचारलं, "तुम्हाला या हाताने काय करायचंय परत? एकच गोष्ट सांगा. जी आली नाही तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही, अशी." मी म्हटलं, "शिवणकाम, दुसरं काय?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, बाहेर बाक आहे."

म्हणून बाकावर. मघाशी तिला बाहेरून व्यायामाला नेत होते तेव्हा मी विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणते, "सांगितलं ते सांगितलं." तुला कळलं का काही? तुम्ही दोघी एकाच मातीच्या, तुला माहीत असेल.

बाबा


११ मे

भिंगरी,

खिसे उसवून झाले. एकेका टाक्याला तिने जो वेळ घेतला, तेवढ्यात मी शहराला फेरी मारून आलो असतो. उजव्या हाताने नुसतं कापड दाबून धरायचं, डाव्याने उसवायचं. कापड सुटायचं, ती शिव्या घालायची, परत धरायची. मी समोर बसून तळहात मांडीखाली दाबून ठेवले होते. झाल्यावर तिने पँट माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाली, 'घाला हात. आणि परत बाहेर काढाल तर बघा.'

तुला सांगतो, बस हाकणं सोपं असेल, आईला बटण लावताना बघणं नाही. बोटं भोकाजवळ जातात, चुकतात. माझा हात खिशातल्या खिशात वळवळतो. चहा सांडतो, ती पुसते, पुसताना परत सांडतो. परवा मला राहवेना, मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, भांडलात का? मी म्हटलं, नाही, ती वरण वाढून घेते आहे.

पण खांदा दुखायचा थांबला. बोटं आवळून यायची, त्यासाठी डॉक्टरबाईंनी हातात एक इंजेक्शन दिलं, ती जरा सैल झाली आहेत. त्यांच्या हाताखाली दोन पोरी आहेत. एक चालणं शिकवते. दुसरी हाताची कामं करून घेते, तिला मी हातवाली म्हणतो. लांबसडक केसांची, हसरी, पण आईपेक्षा खमकी.

एक गोष्ट मात्र डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितली. हात पूर्वीसारखा होणार नाही. गणवेशांचे ढीग पडायचे तसा तो परत चालणार नाही. "पण एका कामापुरता तयार करता येईल. काकूंनी सांगितलेल्या कामापुरता. तेही होईलच असं मी म्हणत नाही, प्रयत्न करू म्हणते." मी आईकडे बघितलं. ती खाली बघत होती.

मी ठरवलं आहे, ते काम मशीनवरचंच असणार. दुसरं तिला आहे काय? मी एक बेत केला आहे. पुढच्या पत्रात कळेलच, आत्ता लिहिलं तर तू हसशील.

तुझा फोटो मिळाला. यंत्रासमोर ऐटीत उभी आहेस. केस कानाच्या वर, मुलासारखे. छान दिसतेस, मी तरी म्हणेन. फोटो टाइमकीपरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. घरी न्यायची छाती होत नाही.

बाबा


२ जून

भिंगरी,

तोंडावर पडलो.

मी आईचं मशीन गुपचूप मिस्त्रीकडे नेलं. तेलपाणी केलं, मोटर बसवून घेतली, डाव्या पायाने दाबता येईल असं पॅडल लावलं, टेबल खाली घेतलं. दवाखान्यातून आणलं तिला आणि चादर ओढून काढली. उद्घाटनच!

तिने डाव्या हाताने चाक फिरवलं. सुईवरून बोट फिरवलं. "फार छान केलंत," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पण मी हे नव्हतं मागितलं."

"मग काय मागितलंस? मला सांगायला काय होतं?"

"तुम्ही लगेच आणून द्याल. ते आणून द्यायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात जायला नकार दिला. आणि तिसऱ्या दिवशीही. बोटं परत आवळायला लागली होती, तेही खरं. पण ते एवढंच नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, "पुरे झालं आता. कुणासाठी करायचं हे सगळं?" मी म्हटलं, "माझ्यासाठी कर." तर म्हणाली, "तुमचं काय, तुम्हाला खिसे आहेत." आणि रडली. मी तिला रडताना फार वेळा बघितलेली नाही. मी जवळ बसलो. मी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्या फोनवरून आईशी बोलणं केलं. मला ऐकू आलं ते एवढंच: "ज्याच्यासाठी सुरू केलंत ते आहे ना अजून तिथेच? मग उद्या या."

गेली. आत्ता ती आत आहे आणि मी बाकावर.

तू विचारतेस, 'माझं नाव तरी निघतं का घरात?' खोटं कशाला सांगू, निघत नाही. पण मी तुला एक गंमत सांगतो. खोट्या ओट्यावर काम करताना हातवालीने तिला विचारलं, घरी कोण कोण असतं? आई म्हणाली, "आम्ही तिघं." मी ऐकलं. शेजारच्या आजोबांना धरलं असेल तर माहीत नाही.

बाबा


२८ जून

भिंगरी,

मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षर समजून घे.

त्या खोलीच्या दाराला एक छोटी काच आहे. मी कधी डोकावत नाही, डोकावलो तर हातवाली पडदा ओढते. आज पडदा अर्धाच होता. आई उंच खुर्चीवर बसली होती. तिच्या पुढ्यात, बुटक्या स्टुलावर, पाठ करून हातवाली बसली होती. केस मोकळे सोडलेले. आईच्या दातात कंगवा.

सुरुवातीला मला कळेना की उपचार कुणावर चालला आहे.

मग बघितलं. आईने केसांचे तीन पेड केले. उजव्या हाताने एक पेड नुसता दाबून धरायचा, खिसे उसवताना कापड धरायची तसा. बाकीचं डाव्याने. पेड सुटला. परत धरला. परत सुटला. ती कंगवा दातात धरून काहीतरी पुटपुटत होती. वेणी वाकडीतिकडी होत होत खाली आली. हातवालीने दाराकडे बघायला मान वळवली असावी, कारण आईने कंगवा हातात घेतला आणि तिच्या डोक्यात हळूच मारला.

"हलू नको गं, भिंगरे."

आईचे हात तसेच वर राहिले.

मी बाकावर येऊन बसलो. खिशात हात होते, त्यामुळे डोळे पुसायलाही उशीर झाला.

पोरी, आता तुझं ते कानावरच्या केसांचं डोकं घेऊन मी काय करू?

बाबा


१० जुलै

भिंगरी,

पकडलो गेलो. टाइमकीपरला मी आपला माणूस म्हणत होतो. तो काल घरी आला आईची चौकशी करायला, आणि निघताना तुझं पत्र आणि तुझा फोटो तिच्या समोरच माझ्या हातात ठेवला. 'हे तुमचं राहिलं होतं' म्हणे. मी रिटायर झालो ते बरं झालं, नाहीतर याच्या भरवशावर गाड्या सुटल्या असत्या.

आईने हात पुढे केला. उजवा. तो आता पुढे येतो. मी फोटो दिला.

फार वेळ बघत बसली. खिडकीपाशी नेऊन बघितला. मी चहा टाकायला निघालो तर म्हणाली, "बसा." बसलो. "किती दिवस चाललंय हे?" मी म्हटलं, "मार्चपासून. तू फोनची शपथ घातली होतीस, पत्राची नाही." ती म्हणाली, "तुमची जात कंडक्टरची ती कंडक्टरची." पण रागावलेली नव्हती.

मग जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो. मला त्यात भर घालायची नाही.

"केसांचं काही नव्हतं हो. यंत्रात केस जातात ते काय मला कळत नाही? माझ्या मशीनच्या चाकात माझा पदर गेलाय. पण लहानपणापासून रोज तेवढाच वेळ ती माझ्या पुढ्यात बसायची. शाळेतलं सगळं तेव्हाच सांगायची, तोंड दिसत नसायचं ना माझं, म्हणून. मोठी झाली तरी बसायची. त्या दिवशी सकाळी घाईघाईत घातली मी वेणी, गणवेश द्यायचे होते. आणि संध्याकाळी ती केस कापून दारात उभी. ती शेवटची वेणी होती हे मला कुणी सांगितलंच नाही. माहीत असतं तर जरा सावकाश घातली असती."

मी विचारलं, "हे तिला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"राग आला होता. मग उशीर झाला. मग हा हात गेला, आणि वाटलं, आता तिने केस वाढवले तरी काय उपयोग. म्हणून डॉक्टरबाईंना सांगितलं, दुसरं काही नको, एक वेणी येऊ दे. वेणी आली की बोलवीन म्हटलं. नुसती आजारी म्हणून नाही बोलवायचं."

एवढं म्हणून तिने परत फोटो बघितला, कानापाशी बोट ठेवून केस केवढे आहेत ते मोजल्यासारखं केलं, आणि हसली. मी म्हटलं, "मग आता? इथे तर पेड करायलाही काही नाही."

"केस नसतील तर नसू देत," तुझी आई म्हणाली. "डोकं घेऊन ये म्हणावं. विंचरून तर देता येईल. बुटकं स्टूल आणून ठेवा."

हे बोलावणं आहे, भिंगरी. तुझ्या आईच्या तोंडचं. तू म्हणाली होतीस पुढच्या गाडीने येईन, शब्द पाळायची तुम्हा दोघींना सवय आहे.

मी स्टॉपवर उभा असेन. बॅग तुझी तूच उचल, मी खिशात हात घालून उभा असेन.

बाबा